फिरायची हाक

आमच्या घरात व्हॉलीबॉल एका जागी बसून बघत नाहीत. आम्ही फिरतो. टीव्हीसमोर सहा जागा मांडतो, पुढे तीन बुटकी स्टुलं आणि मागे तीन खुर्च्या. समोरच्या संघाची सर्व्हिस असताना आपण गुण मिळवला की मैदानावरचे सहा खेळाडू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक जागा सरकतात. त्यांच्याबरोबर आम्ही सहा जणही सरकतो. सर्व्हिस आपलीच असताना गुण मिळाला तर मात्र हलायचं नाही. मागच्या ओळीत उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराशी, लोखंडी खुर्ची आहे. ती सर्व्हिसची जागा. टाइम-आउट झाला तेव्हा जो त्या खुर्चीत असेल त्याने चहा टाकायचा. आईने हा नियम घातला म्हणूनच आमच्या दादाला चहा करता येतो.

हाक बाबांची. "फिरा!" म्हटलं की उठायचं. ते तरुणपणी इथल्या क्लबकडून खेळायचे, सेटर होते, म्हणजे मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारे. कोण कुठे उभा आहे, पुढची सर्व्हिस कोणाची, हे त्यांच्या डोक्यात आपोआप चालू असायचं. तीस वर्षांत त्यांची हाक एकदाही चुकली नव्हती. वहिनी लग्न होऊन आली त्या आठवड्यात सामना होता. तिला आधी फिरायला शिकवलं, गॅस कुठल्या बाजूने बंद करायचा ते नंतर. तिला वाटलं होतं, ही माणसं आपली चेष्टा करताहेत.

बाबा मला भिंगरी म्हणतात. मी चाळिशीला आले, बाबांसारखीच फार्मासिस्ट झाले, त्यांच्याच औषधांच्या दुकानात सतरा वर्षं उभी आहे, तरी भिंगरीच. पायाला भिंगरी लागलेली मुलगी म्हणून लहानपणी ठेवलेलं नाव. या वर्षीची स्पर्धा सुरू झाल्यापासून मात्र ते नाव मला अगदी शोभत होतं. झोप लागत नव्हती, जेवताना मधेच उठत होते, वहिनीवर उगाच खेकसत होते. सगळ्यांना वाटत होतं, आपला संघ बारा वर्षांनी उपांत्य फेरीत पोचणार म्हणून हिचा जीव टांगणीला लागलाय. वाटू दे, म्हटलं.

खरी गोष्ट पहिल्या गुरुवारची आहे. पहिला सामना दुपारी एकला होता आणि दुकान उघडं होतं. मी शिडीवर चढून खोकल्याच्या बाटल्या लावत होते, मोबाइल काउंटरवर वजनकाट्याला टेकवून ठेवलेला. समोरच्या रस्त्यावर ज्यांचं दुकान होतं ते शिंपीकाका आले. आता ते निवृत्त झालेत, आणि हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात, एक मिलिग्रॅमची. बाबांनी चिठ्ठी बघितली, खण उघडला, पाकीट दिलं. काका गेले. थोड्या वेळाने मी खाली उतरले आणि खण नीट बंद करायला गेले, तर आतला तपकिरी खोका फोडलेलाच नव्हता. तपकिरी म्हणजे एक मिलिग्रॅम. शेजारच्या गुलाबी खोक्यातून मात्र दोन स्ट्रिपा कमी होत्या. गुलाबी म्हणजे पाच.

पाचपट. तीन-चार दिवसांत हिरड्यांतून रक्त, मग कुठे काय होईल सांगता येत नाही. मी तपकिरी खोका फोडून दोन स्ट्रिपा घेतल्या आणि अंगातल्या पांढऱ्या कोटासकट पळत सुटले. बसथांब्यावर ते भेटले. धापा टाकत म्हटलं, "काका, त्या पाकिटाची तारीख जवळ आलीय. हे घ्या नवीन."

"अगं, एवढ्यासाठी धावत आलीस?" ते म्हणाले. "किती काळजी घेता तुम्ही दोघं."

परत आले तर बाबा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. "कुठे गेली होतीस? सेट पॉइंट गेला तुझा."

दोन दिवस त्या मोबाइललाच दोष दिला. दुकानात सामना लावायचा नाही म्हणून भांडले. शनिवारी बाबांनी एका बाईंना त्यांच्या बाळाचं वजन तीनदा विचारलं. मंगळवारी कानाचे थेंब डोळ्यांच्या थेंबांच्या खणात सापडले. मग मी प्रत्येक पाकीट बघायला लागले. बाबा गिऱ्हाइकाशी बोलत असले की हळूच मागून जाऊन स्ट्रिप उलटी करून वाचायची, बरोबर असली की पुन्हा जागच्या जागी ठेवायची. दिवसाला साठ-सत्तर पाकिटं होतात. संध्याकाळी मान आखडायची.

"माझ्या मागे मागे काय फिरतेस गं, भिंगरे?" बाबांनी बुधवारी विचारलं. आवाजात हसू नव्हतं.

"मागे काय फिरतेय? काम करतेय."

यात एक अडचण होती. पुढच्या मंगळवारपासून तीन दिवस मला परवान्याच्या नूतनीकरणाच्या वर्गाला दुसऱ्या गावी जायचं होतं. पाच वर्षांतून एकदा जावंच लागतं, नाही गेलं तर परवाना जातो. ते तीन दिवस बाबा दुकानात एकटे असणार होते. म्हणजे सोमवारपर्यंत मला घरात कुणाला तरी सांगणं भाग होतं. आणि मी मूग गिळून गप्प होते. सांगायचं तरी काय? ज्या माणसाने मला गोळ्यांचे रंग शिकवले त्याला आता रंग कळत नाहीत, असं? आईला सांगितलं तर ती कोसळेल. दादाला सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावेल. उपांत्य सामना होऊ दे, मग बघू, असं रोज स्वतःला बजावत होते.

दुसरे खेळ मला यासाठी बरे वाटतात. फुटबॉलवाले पुढे असले की चेंडू कोपऱ्यात नेतात, पाय दुखावल्याचं सोंग करतात, वेळ काढतात, आणि शिट्टी वाजली की जिंकतात. व्हॉलीबॉलमध्ये घड्याळच नाही. वीस गुणांनी पुढे असा, शेवटचा गुण मिळवल्याशिवाय सुटका नाही. चेंडू हातात धरून ठेवायचीही सोय नाही, धरलात की चूक. आल्याबरोबर काहीतरी करावंच लागतं. आयुष्यभर हा खेळ बघून मी शिकले काय, तर वेळ काढायला. माझा मलाच राग येत होता.

आणि तो एक नियम. बाबांनीच वहिनीला समजावून सांगितला होता. फिरण्याचा क्रम चुकला आणि पंचांच्या उशिरा लक्षात आला, तर गुण समोरच्याला मिळतोच, शिवाय गुणलेखकाला विचारतात, चूक कधीपासून आहे? तेव्हापासून मिळवलेले सगळे गुण काढून घेतात. वहिनी म्हणाली होती, "हे जरा जास्तच झालं." बाबा म्हणाले होते, "जास्त कसं? चुकीच्या जागी उभं राहून मिळवलेलं आपलं कसं?" स्पर्धाभर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. गुरुवार ही पहिली चूक होती, की मला दिसलेली पहिली?

शनिवारी दुपारी चारला उपांत्य सामना. दुकान दोनला बंद झालं. सगळे वेळेवर हजर. दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून तसाच ग्रीसचे हात घेऊन आला. वहिनीच्या बालवाडीला सुट्टी होती. आत्या तिच्या विणकामासकट. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आणि आता ऐकू कमी येतं. सामन्याच्या वेळी ती कानातलं यंत्र काढूनच ठेवते. म्हणते, त्या समालोचकापेक्षा शांतता बरी. बाबांची हाकही ती हातवाऱ्यावरून ओळखते.

समोरचा संघ म्हणजे नुसते ताडमाड. आमच्याकडे एकच उंच, त्याला आम्ही खांब म्हणतो. एक डावखुरा मारणारा, आणि वेगळ्या रंगाच्या शर्टातला तो बुटका बचावपटू, ज्याच्यावर आईचा फार जीव. पहिला सेट आपण घेतला. दुसऱ्यात अकरा-नऊवर डावखुऱ्याची सर्व्हिस थेट जमिनीवर पडली. आपलीच सर्व्हिस, आपलाच गुण. हलायचं नाही.

"फिरा!" बाबा म्हणाले.

आता कोणीतरी चूक दाखवणार, असं वाटलं. पण दादा उठला. वहिनी उठली. आई तर हाक पुरी व्हायच्या आत उठली होती. सगळे सरकले, मीही सरकले. मग आई म्हणाली, "या स्टुलावर माझी पाठ धरते बाई, आपण होतो तसेच बसू या का?" आणि सगळे गुपचूप परत आपापल्या जागी. कुणी कुणाकडे बघितलं नाही. इतकं सफाईदार झालं, जणू सराव केला होता.

सराव केलेलाच होता. ते मला तेव्हा कळलं, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी नऊ दिवस एकटीने जीव जाळतेय आणि यांना सगळ्यांना माहीत आहे!

दुसरा सेट गेला, तिसरा गेला, चौथा आपण ओढून आणला. पाचवा पंधराचाच असतो. बारा-बारा. सर्व्हिस आपली. लोखंडी खुर्चीत मी. चेंडू जाळीवर चार वेळा इकडून तिकडे गेला, आमच्या बुटक्याने दोनदा अंग झोकून उचलला, आणि शेवटी खांबाने त्यांच्या ताडाचा फटका जागच्या जागी अडवला. तेरा-बारा! दादा ओरडला, खालच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला.

"फिरा!"

चौघे उठले. आत्या माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली, कारण तिला माझ्या खुर्चीत यायचं होतं. मी उठले नाही.

"ऊठ की गं," आत्या म्हणाली.

"बाबा, सर्व्हिस आपलीच होती," मी म्हटलं. "फिरायचं नाहीये."

"फिरा म्हटलं ना मी."

"नाही फिरायचं."

"भिंगरे, फिर ना," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "एवढ्याने काय बिघडतंय?"

"बिघडतंय!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने ओरडायचं नव्हतं, पण ओरडले. "बाबा, मागच्या आठवड्यात गुरुवारी तुम्ही शिंपीकाकांना पाचची गोळी दिलीत. एकच्या जागी पाचची. मी बसथांब्यावर जाऊन, तारीख जवळ आलीय असं सांगून बदलून आणली."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोलतेय. "खोटं आहे. त्याची गोळी मला झोपेतही चुकणार नाही."

"तपकिरी खोका फोडला नव्हता, बाबा. मी बघितला."

"ही वेळ होती का हे बोलायची?" दादा.

"मग कोणती वेळ? मंगळवारी मी चाललेय. तीन दिवस. मागे कोण बघणार आहे पाकिटं? तू? लिफ्टमधून?"

"हळू बोल," आई म्हणाली, आणि मग तीच बसली, कुठल्या तरी स्टुलावर, कोणाच्या ते न बघता. "गॅस मी दोनदा बंद करते," ती म्हणाली. "तुम्ही निजलात की एकदा उठून बघते."

बाबा तिच्याकडे वळले. आई पदराशी चाळा करत राहिली.

दादाने मान खाली घातली. "स्कूटर बिघडलेली नाहीये, बाबा. किल्ली माझ्या कपाटात आहे. तुम्ही त्या दिवशी घरी यायला दोन तास लावलेत, म्हणून."

"मी रोज सकाळी तुमच्या टेबलावर वार आणि तारीख लिहून ठेवते ना," वहिनी म्हणाली, "ती शाळेची सवय नाहीये." आणि तिला रडू फुटलं.

मी सगळ्यांकडे बघत होते. रागवायचं होतं मला, तयारीच होती. पण आम्ही सगळेच त्यांच्या मागे मागे फिरत होतो. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच एकटे.

"हरलो रे," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं. आमचा बुटका जमिनीवर पालथा पडलेला, समोरचे ताडमाड एकमेकांच्या अंगावर. सतरा-पंधरा. आत्या एकटीच शेवटपर्यंत बघत होती. "आणि तुम्ही सगळे असे उभे काय?" तिने यंत्र शोधत विचारलं.

बाबा टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कधीपासून?"

वहिनीने डोळे पुसले.

"विचारतोय मी. कधीपासून?"

"थंडीपासून," आई म्हणाली.

बाहेर उन्हाळा होता. बाबांनी बोटांवर महिने मोजले, चार बोटांनंतर थांबले, पुन्हा मोजले. "सहा महिने," ते म्हणाले. "मग तेव्हापासूनचं सगळंच गेलं." लोखंडी खुर्चीच्या पायाशी चहाचे कप होते, ते त्यांनी गोळा केले आणि स्वयंपाकघरात नेऊन विसळले. मग खोलीत गेले. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

रविवारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. बाबा वेळेवर येऊन बसले. पहिल्यांदा फिरायची वेळ आली तेव्हा आम्ही पाचही जण त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मग कुणीच फिरलं नाही. अख्खा सामना एका जागी बसून बघितला. मी मांड्यांखाली हात दाबून धरले होते. टाइम-आउटला चहा कोणी टाकायचा हेच कळेना. आणि तीन सेटमध्ये आपण सरळ जिंकलो, पदक मिळालं.

"म्हणजे इतकी वर्षं उगाचच फिरत होतो," दादा म्हणाला. त्याला विनोद करायचा होता. त्याचा त्यालाच तो आवडला नाही.

मला कालपासून एकच वाटत होतं, मी हे चुकीच्या पद्धतीने केलं. सगळ्यांसमोर, ओरडून. एकट्यात सांगता आलं असतं, नऊ दिवस होते. बाबा माझ्याशी बोलले नव्हते. मीठ मागितलं तेही आईकडे.

सोमवारी मी दुकानात पोचले तर शटर वर होतं. बाबा माझ्याआधी आले होते. पांढरा कोट घातलेला, काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसलेले. दुकानात माणसांच्या जागा दोनच. पुढे ते स्टूल, तिथून औषध द्यायचं. मागे कपाटांच्या आड माझं टेबल, तिथे माल तपासायचा आणि खणांत लावायचा. सतरा वर्षांत मी त्या स्टुलावर फक्त बाबा जेवायला गेले की बसलेय. दारावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरातला कागद होता. मंगळवार ते गुरुवार दुकान बंद.

मी मागे गेले. बसून यादी उघडली आणि एकही ओळ वाचली नाही.

दहाच्या सुमाराला शिंपीकाका आले. "फोन केलात म्हणून आलो," ते म्हणाले. "काय विशेष?"

माझा हात थांबला. बाबांनी दोन्ही तळवे काउंटरवर टेकवले होते.

"त्या गुरुवारी मी तुम्हाला चुकीची गोळी दिली," बाबा म्हणाले. "एकच्या ऐवजी पाचची. हिने येऊन बदलली. तारखेबिरखेचं काही नव्हतं, मला सांभाळून घ्यावं म्हणून तिने तसं म्हटलं. चूक माझी होती."

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. "मला कळलं होतं," ते म्हणाले. "थांब्यावर पाकीट उघडून बघितलं होतं मी. नेहमीच्या तपकिरी, या गुलाबी. चाळीस वर्षं कापडाला दोरे जुळवले, रंग कसा चुकेल? परत यायला निघणारच होतो, तेवढ्यात ही धावत आली. मग म्हटलं, पोरगी सांभाळतेय तर आपण कशाला बोला."

म्हणजे काकाही. मला हसू आलं.

"बोलायला हवं होतं," बाबा म्हणाले. "दर वेळी गिऱ्हाईक शिंपी नसतं."

काकांनी मान डोलावली. खिशातून नवी चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. त्यांच्या रोजच्याच गोळ्या, संपत आलेल्या. बाबांनी ती घेतली, डोळ्यांजवळ धरली, शेवटपर्यंत वाचली. हात खणाकडे गेला. मी अर्धवट उठले होते, सवयीने. हात खणाच्या मुठीवर थोडा वेळ राहिला आणि परत आला.

मग बाबा स्टुलावरून उतरले. जपून, एक पाय टेकवून मग दुसरा. चिठ्ठी काउंटरवर सरळ केली आणि माझ्याकडे वळले.

"फिरा," ते म्हणाले.

मोठ्याने नाही, पण तीच हाक. मी बसूनच राहिले. माझ्याने उठवेना.

"भिंगरे, सर्व्हिस तुझी आहे. गिऱ्हाईक उभं आहे."

या वेळी हाक बरोबर होती. मी उठले. कपाटांमधली वाट अरुंद आहे, आम्ही अंग चोरून एकमेकांच्या पलीकडे झालो. ते माझ्या टेबलाशी बसले, मी पुढे येऊन स्टुलावर चढले. ते अजून गरम होतं.